अँडरसनच्या 'नाइटिंगेल'वर टीव्हीसाठी मराठी अ‍ॅनिमेटेड म्युझिकल केलं, त्याची सगळी हकीकत

मे २०२५ मध्ये, उन्हाळ्याच्या सुट्टीत, आमचा 'नाइटिंगेल' एका मराठी चॅनेलवर लागला. २२ मिनिटं, सहा गाणी, हाताने काढलेलं टूडी अ‍ॅनिमेशन. दिवाळी २०२२ झाल्या झाल्या सुरुवात केली होती, म्हणजे अडीच वर्षं गेली. या काळात सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल तर माहिती एका जागी न मिळण्याचा. चित्रं कशी काढायची याचे व्हिडिओ ढिगाने आहेत, पण लहान मुलीकडून गाणं गाऊन घ्यायचं तर कोणाची परवानगी लागते, गीतकाराशी करार कसा करायचा, टीव्हीला फाइल नक्की कशी द्यायची हे मराठीत कोणी लिहिलेलंच सापडलं नाही. म्हणून सुरुवातीपासून जसं घडलं तसं सांगते.

गोष्ट 'नाइटिंगेल'च का, तर तिच्यात गाणं मुळातच आहे, वरून चिकटवावं लागत नाही. चीनच्या सम्राटाचा चिनी मातीचा राजवाडा, बागेतल्या फुलांना बांधलेल्या चांदीच्या घंटा, आणि समुद्राकाठच्या रानात गाणारा एक साधा करड्या रंगाचा पक्षी. दरबाऱ्यांना तो माहीतच नसतो, माहीत असतो फक्त स्वयंपाकघरातल्या गरीब पोरीला, कारण ती उरलंसुरलं अन्न आजारी आईला द्यायला जाते आणि परतताना रानात थांबून ऐकते. मग जपानच्या सम्राटाकडून रत्नजडित यांत्रिक पक्षी भेट येतो, सगळे त्याच्यावर खूश, खरा पक्षी उडून जातो आणि शेवटी सम्राटाच्या छातीवर मृत्यू येऊन बसतो तेव्हा यंत्राला चावी द्यायलाही कोणी नसतं. डेन्मार्कच्या हान्स अँडरसनने ही गोष्ट ऑक्टोबर १८४३ मध्ये लिहिली, त्याच उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये टिव्होली बाग उघडली होती, तिथली चिनी धाटणीची सजावट त्याच्या डोळ्यांसमोर होती. नोव्हेंबर १८४३ मध्ये ती 'कुरूप बदका'बरोबर एकाच पुस्तकात छापून आली.

हक्कांचं पहिलं काम

आपल्याकडे लेखकाचा कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, अँडरसन १८७५ मध्ये गेला, त्यामुळे मूळ गोष्ट कोणीही वापरू शकतं. पण भाषांतर ही वेगळी कलाकृती धरतात आणि तिचा हक्क भाषांतरकाराचा असतो! आपण लहानपणी मराठीत वाचलेली गोष्ट बहुतेकदा कोणाच्या तरी भाषांतरातून आलेली असते आणि त्यातली वाक्यं डोक्यात बसलेली असतात. आम्हाला भेटलेल्या वकीलताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "स्क्रिप्ट कशावरून लिहिणार आहात ते आधी सांगा." मग आम्ही मिसेस पॉल यांचं १८७२ चं इंग्रजी भाषांतर घेतलं, त्या १८८८ मध्ये गेल्या म्हणजे तेही मोकळं आहे, आणि घरातली मराठी पुस्तकं स्क्रिप्ट संपेपर्यंत कपाटाबाहेर काढली नाहीत. तुम्हीही कशावरून लिहिलं, ते पुस्तक कोणत्या वर्षीचं, हे एका कागदावर तारखेसकट लिहून ठेवा, चॅनेलच्या लीगलवाल्यांनी आम्हाला हेच सगळ्यात आधी विचारलं.

दोन-तीन जणांनी सुचवलं की चीन कशाला, पेशवाईचा दरबार करा, लोकांना जवळचं वाटेल. मला ते पटलं नाही. राजवाडा चिनी मातीचा आहे म्हणून तर तो सुंदर आणि नाजूक आहे, तोच काढून घेतला तर गोष्टीचा निम्मा रंग गेला. मात्र जुन्या चित्रांमधून चिनी माणसांची जी टिंगल दिसते, त्या डोळ्यांच्या रेघा आणि लोंबत्या मिशा, ते आम्ही काहीही केलं नाही. कपडे, छपरं, खिडक्यांची नक्षी यासाठी वस्तुसंग्रहालयांच्या साइटवरचे फोटो बघत बसलो, त्यात जानेवारी २०२३ सगळा गेला.

आधी गाणं

आता मुख्य सांगते. अ‍ॅनिमेटेड म्युझिकलमध्ये गाणं आधी तयार लागतं, चित्र नंतर. ऐकायला सोपं वाटतं, पण याचा अर्थ असा की गाणं बदललं की त्याच्यामागची शेकडो चित्रं बदलतात, आणि गाण्याचे कागद पक्के नसतील तर ती सगळी चित्रं अधांतरी राहतात. अमेरिकेत १९६४ मध्ये एनबीसीवर नाताळासाठी रेनडिअर रुडॉल्फचा जो स्पेशल लागला तोही असाच झाला होता, आवाज आणि गाणी टोरांटोमध्ये आधी रेकॉर्ड केली आणि मग त्या आवाजावर टोकियोमध्ये बाहुल्या एकेक फ्रेम हलवल्या. मी तो बघितला तो हे समजून घ्यायलाच, की टीव्हीच्या स्लॉटमध्ये गाणी कुठे बसवतात, आणि जाहिरातीचा ब्रेक गाण्याच्या आधी घ्यायचा की नंतर.

गाणी लिहिली आमच्या ओळखीच्या काकांनी, निवृत्त शिक्षक आहेत, बालगीतं लिहितात. चाली माझ्या मित्राने केल्या. काकांकडे कराराचा कागद घेऊन गेले तर म्हणाले, "अगं, आपल्यात कसला करार? तू आपल्या घरची." त्यांना समजावायला दोन संध्याकाळी लागल्या. मी सांगितलं, काका हा कागद तुमच्यासाठीच आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ ला जी दुरुस्ती झाली तिच्यामुळे चित्रपटासाठी दिलेलं गाणं थिएटरबाहेर कुठेही वाजलं तरी गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा राहतोच, तो लिहून देऊनही टाकता येत नाही, फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. करार लेखी आणि सहीचा लागतो. त्यात कोणती कलाकृती, कोणते हक्क, किती वर्षं, कोणत्या प्रदेशात आणि पैसे किती हे सगळं यायला हवं. वर्षं लिहिली नाहीत तर कायदा ५ वर्षंच धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, आणि घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो परत जातो, करारात वेगळं लिहिलं असेल तरच राहतो. ही शेवटची अट अ‍ॅनिमेशनवाल्यांनी फार जपावी, कारण आपलं कुठलंच काम वर्षात पुरं होत नाही. आमच्या वकीलताईंनी त्यासाठी स्वतंत्र कलम घातलं. गायक आणि वादकांचेही हक्क असतात, ५० वर्षांचे, त्यांच्याही सह्या घ्या, बासरीवाला अर्धा तास येऊन गेला असेल तरी घ्या. वकिलांचे सगळे मिळून अठरा हजार झाले आणि या अख्ख्या कामात मला न खुपलेला खर्च हाच.

चालींबद्दल थोडं लांबण लावते, कारण सगळ्यात सुंदर काम तिथेच झालं. गोष्टीत दरबारचा संगीतकार म्हणतो की यांत्रिक पक्षी तालात पक्का आहे आणि खरा पक्षी आपल्या मनाला येईल तसा गातो. म्हणजे चाल कशी हवी ते अँडरसनने सांगूनच ठेवलंय! यांत्रिक पक्ष्याला आम्ही वॉल्ट्झ दिला, तीन मात्रांचा, म्युझिक बॉक्सच्या आवाजात. खऱ्या पक्ष्याला क्लिक ट्रॅकच (गाताना कानात वाजणारी ठेक्याची टकटक) लावला नाही, बासरी आणि एका गायिकेची आलापी, पूर्ण मोकळी. मृत्यूचा प्रसंग रात्र संपतानाचा, म्हणून तिथे ललित घेतला, दोन्ही मध्यम एकामागून एक येतात तेव्हा अंगावर काटा येतो, आणि सम्राट उठून नोकरांना "गुड मॉर्निंग" म्हणतो तिथे अहिर भैरव. चीनच्या गोष्टीत हिंदुस्थानी राग कसे, असं एकाने विचारलं, पण मराठी मुलाच्या कानाला पहाट जशी ऐकू येते तशी ती यायला हवी असं मला वाटलं आणि आजही वाटतं.

इथे एक हिशोब सांगते जो आधी माहीत असेल तर महिने वाचतात. आपल्या टीव्हीचा वेग सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ स्थिर चित्रं. सॉफ्टवेअर उघडलं की बहुतेकदा २४ असतात, सिनेमाच्या, ते पहिल्याच दिवशी २५ करून टाका. मग चालीचा वेग असा निवडा की एका मात्रेला पूर्ण फ्रेम येतील. मिनिटाला १२० मात्रा घेतल्या तर एका मात्रेला साडेबारा फ्रेम होतात, अर्धी फ्रेम काढता येत नाही आणि पाऊल तालावरून हळूहळू सरकत जातं. १०० घेतल्या तर बरोबर १५ फ्रेम, ७५ घेतल्या तर २०. आमचा यांत्रिक पक्षी १०० वर आहे, तीन मात्रांचं एक आवर्तन ४५ फ्रेमचं, चार आवर्तनांचा एक फेरा १८० फ्रेमचा. त्याला ऑन थ्रीज ठेवला, म्हणजे एक चित्र तीन फ्रेम थांबतं, त्यामुळे ६० चित्रांत अख्खा फेरा झाला आणि हालचालीत यंत्राचा झटका आपोआप आला. मूळ गोष्टीत तो तेच गाणं ३३ वेळा गातो. ती ६० चित्रं आम्ही पुन्हा पुन्हा वापरली, त्यात पैसेही वाचले आणि गोष्टीलाही तेच हवं होतं. खरा पक्षी मात्र ऑन वन्स, प्रत्येक फ्रेमला नवीन चित्र, एकही परत वापरलेलं नाही. त्याची ती दोन गाणी काढायला बाकी सगळ्या फिल्मइतका वेळ लागला असेल.

मुलीचा आवाज आणि फॉर्म सी

स्वयंपाकघरातल्या पोरीसाठी आम्हाला खऱ्या लहान मुलीचा आवाज हवा होता. ऑडिशनमध्ये सात वर्षांची एक चिमुरडी सापडली, सुरेल आणि अजिबात न लाजणारी. तिची आई म्हणाली, "ताई, शाळा बुडणार नाही ना, एवढंच बघा."

१४ वर्षांखालच्या मुलाला कलाकार म्हणून घेता येतं, पण २०१७ च्या नियमांप्रमाणे निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. त्यासाठी फॉर्म सी नावाचं हमीपत्र असतं. फक्त आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर ते लागतं का असं मी बऱ्याच जणांना विचारलं, स्टुडिओवाले म्हणाले कोणी करत नाही. वकीलताई म्हणाल्या की दृकश्राव्य निर्मिती आहे, करून टाका. आम्ही केलं, आणि पुढे चॅनेलने त्याची प्रत मागितली तेव्हा फार हायसं वाटलं.

एप्रिल २०२३ मध्ये आमच्या जिल्ह्याच्या कलेक्टर ऑफिसला गेले. आवक-जावकमधल्या बाईंनी अर्ज उलटापालटा करून बघितला आणि म्हणाल्या, "मॅडम, हा फॉर्म आमच्याकडे पहिल्यांदाच आलाय, बसा तुम्ही, साहेबांना विचारते." तिथून कामगार विभाग, तिथून परत. सगळे बोलायला चांगले होते, फक्त कोणाच्या टेबलवर जायचं ते ठरत नव्हतं. म्हणून टिप: नियमांची छापील प्रत सोबत न्या, २सी क्रमांकाच्या नियमाखाली रंगाची रेघ मारून न्या, समोरच्याला वाचायला देता येते. आईवडिलांची संमती, मुलांची यादी, मुलांची जबाबदारी कोणाकडे त्या व्यक्तीचं नाव, हे सगळं जोडावं लागतं. पाच मुलांपर्यंत एक जबाबदार व्यक्ती चालते. शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय हलू नका. आम्हाला परवानगी जूनमध्ये मिळाली. ती सहा महिन्यांचीच असते, त्यामुळे गाणं पूर्ण बसल्यावर अर्ज करा, चाल अजून हलत असेल तर घाई नको.

नियम असा की दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही. प्रत्यक्षात सात वर्षांचं मूल माइकसमोर चाळीस मिनिटांनी थकतंच, आम्ही रविवारी सकाळी यायचो, पाऊण तास गायचं मग पोहे खायचे मग परत थोडं. स्टुडिओ तासाला नऊशे रुपयांचा होता आणि मुलांबरोबर काम करताना ठरवलेल्या वेळाच्या दुप्पट तास बुक करावेत, नाहीतर घड्याळाचा ताण मुलाच्या आवाजात उतरतो. मानधनातले किमान २० टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत फिक्स डिपॉझिट करावे लागतात. त्यासाठी तिचं मायनर खातं आधी उघडलं, आधार आणि जन्मदाखल्यावरच्या नावात एका अक्षराचा फरक निघाला, त्यात तीन आठवडे गेले. हे आधीच तपासून घ्या.

आणि मग दात! गाइड ट्रॅक, म्हणजे अंदाजासाठीचं कच्चं रेकॉर्डिंग, मार्चमध्ये केला होता, फायनल रेकॉर्डिंग जुलैमध्ये. मधल्या काळात तिचे पुढचे दोन्ही दात पडले. 'रानात गाते कोण गं सांजेला' ही ओळ आली की 'स'मधून वारा जायचा. संगीतकार काळजीत पडला, दात येईपर्यंत थांबू म्हणाला, पण परवानगीची मुदत डिसेंबरपर्यंत आणि दात कधी येणार ते कोण सांगणार? मी दोन वेळा ऐकलं आणि मला तो 'स' इतका गोड वाटला की आम्ही चित्रातल्या पोरीचेच दोन दात काढून टाकले. माझ्या मते फिल्ममधली सगळ्यात जिवंत गोष्ट तीच आहे. लहान मुलांचं गाणं असेल तर गाइड आणि फायनल यांच्यात जितकं कमी अंतर ठेवता येईल तितकं ठेवा, दातांचं आमचं निभावलं, एखाद्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटला असता तर सगळं परत करावं लागलं असतं.

चित्रं

ऑगस्ट २०२३ ते नोव्हेंबर २०२४ नुसती चित्रं. २२ मिनिटं म्हणजे १,३२० सेकंद म्हणजे ३३,००० फ्रेम. हा आकडा मी भिंतीवर लावला होता आणि एक दिवस काढून टाकला, कारण टीममधली मुलं त्याच्याकडे बघून गप्प व्हायची. त्याऐवजी गाण्यांची नावं लावली, एकेक गाणं पुरं झालं की टिकमार्क. त्याने बराच फरक पडला.

आम्ही चौघं पूर्णवेळ आणि तिघं कामापुरते. ओपनटून्झ हे अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर वापरलं, फुकट आहे, मार्च २०१६ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे, आणि जपानच्या घिबली स्टुडिओने त्याचीच पूर्वीची आवृत्ती वापरलेली. शिकायला किचकट वाटतं पण महिन्याभरात हात बसतो. बॅकग्राउंड क्रिटा या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये केली. पेन टॅबलेट तीन होते, एक पावसाळ्यात गेला.

लिप सिंकचे, म्हणजे शब्दांबरोबर ओठ कसे हलवायचे त्याचे, तयार तक्ते इंग्रजी उच्चारांचे मिळतात. आम्ही आपला तक्ता बनवला: प फ ब भ म ला ओठ बंद, आ ला उघडे, उ आणि ओ ला चंबू, ई आणि ए ला ताणलेले, त द ल न ला जीभ वर. गाण्यात अडचण वेगळीच येते, आलाप वीस सेकंद चालतो आणि तोंड वीस सेकंद 'आ' करून उघडंच, ते मेल्यासारखं दिसायला लागतं. आमच्या एका अ‍ॅनिमेटरने गायिकेचा रेकॉर्डिंगच्या वेळचा मोबाइल व्हिडिओ परत परत बघून उत्तर काढलं, की आवाज तोंडात नसतो, श्वासात असतो. छाती भरणं, हनुवटी किंचित वर, मान ताणली जाणं, सम आली की डोळे मिटणं. पक्ष्याला ओठ नसतातच, त्याचा तर गळा आणि छातीवरची पिसंच गातात. म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी गायकाचा व्हिडिओ घ्याच, समोरून एक आणि बाजूने एक, परवानगी विचारून.

सगळ्यात मजा आली ती गाय आणि बेडकांच्या गाण्यात. दरबारी रानात येतात, गाय हंबरते, तर त्यांना वाटतं हाच तो पक्षी, केवढा दमदार आवाज! मग डबक्यात बेडूक ओरडतात तर म्हणतात देवळातल्या घंटाच जणू. काकांनी यावर जे कडवं लिहिलं ते आमच्या सोसायटीतली पोरं अजून म्हणतात. याउलट मृत्यूचं गाणं करायला मला भीती वाटत होती, मुलांचा कार्यक्रम आहे, चॅनेल काय म्हणेल. मूळ गोष्टीत मृत्यू सम्राटाचा मुकुट, तलवार आणि निशाण घेऊन छातीवर बसलाय, आणि पक्षी गातो तसा तो एकेक वस्तू परत देतो, शेवटी पक्षी दफनभूमीतल्या शांततेचं, पांढऱ्या गुलाबांचं गाणं म्हणतो तेव्हा त्यालाच स्वतःच्या बागेची ओढ लागते आणि तो पांढऱ्या धुक्यासारखा खिडकीतून निघून जातो. आम्ही काहीच गाळलं नाही. एका शाळेत दुसरीच्या वर्गाला कच्चा व्हिडिओ दाखवला, एकही मूल घाबरलं नाही, एका मुलाने विचारलं, "त्याला बाग मिळाली का?" चॅनेलच्या बाईंना मी हेच सांगितलं आणि त्यांनी तो प्रसंग तसाच ठेवला.

पैशांचं मोकळेपणाने लिहिते कारण कोणी लिहीत नाही. सगळे मिळून साधारण चौदा लाख लागले. त्यातले दहाच्या आसपास चित्रं काढणाऱ्यांचे पगार आणि मानधन, संगीत आणि स्टुडिओ मिळून दोन, बाकी मशीन, भाडं, वकील, प्रवास. कमी पगारात लोकांनी मनापासून काम केलं, पुढच्या वेळी मी जास्त पैसे उभे केल्याशिवाय सुरू करणार नाही. चॅनेलने करार केला तेव्हा फिल्मचं ॲनिमॅटिक (कच्च्या चित्रांचा आवाजासकट व्हिडिओ) आणि दोन पूर्ण गाणी तयार होती, त्याआधी नुसत्या स्क्रिप्टवर सगळीकडून छान आहे एवढंच उत्तर यायचं. पैसे प्रक्षेपणानंतर, आणि त्यातून १० टक्के टीडीएस कापून, तर तेवढे महिने कसे काढायचे याचा हिशोब आधी करा.

क्यूसी (टेक्निकल तपासणी) आणि प्रक्षेपण

फक्त टीव्हीसाठी बनवलेल्या कार्यक्रमाला सेन्सॉर सर्टिफिकेट लागत नाही, चॅनेलला केबल कायद्याखालची कार्यक्रम संहिता पाळावी लागते आणि ते त्यांच्या पातळीवर बघतात. पण टेक्निकल तपासणी कडक असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये फाइल दिली आणि आठवड्याने परत आली. तीन मुद्दे होते. आवाजाची पातळी त्यांना उणे २३ लुफ्स (आवाजाचा मोठेपणा मोजायचं माप) हवी होती, आमचं घंटांचं गाणं त्याच्या वर जात होतं. टायटल्स स्क्रीनच्या कडेला फार चिकटली होती. आणि तिसरा मुद्दा मी कधी ऐकलाच नव्हता, यांत्रिक पक्ष्याची रत्नं चमकतात तिथे एका सेकंदात तीनपेक्षा जास्त झगमगाट होत होता, त्याने फिट्स येणाऱ्या मुलांना त्रास होऊ शकतो. हा मुद्दा मला फारच पटला. चमक हळू केली, आणि खरं तर ती आता जास्त चांगली दिसते. डिलिव्हरीचे स्पेसिफिकेशन करार होतानाच मागून घ्या आणि मिक्सिंग करणाऱ्याच्या हातात द्या.

सोबत क्यू शीट द्यावी लागते: कोणतं गाणं किती सेकंद, गीतकार कोण, संगीतकार कोण. पुढची रॉयल्टी या एका कागदावर चालते, त्यामुळे नावांची स्पेलिंगं दहा वेळा तपासा. काका आणि संगीतकार मित्र दोघांनाही आम्ही आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीचं, सभासद करून घेतलं, पॅन, बँकेचे तपशील आणि गाण्यांची यादी लागते.

कॉपीराइटची नोंदणी

नोंदणी केली नाही तरी हक्क असतोच, पण उद्या भांडण झालं तर कागद कामाला येतो. सगळं ऑनलाइन होतं, फॉर्म १४ भरायचा. फिल्मची फी ५,००० रुपये, गाण्याचे शब्द आणि चाल वेगवेगळ्या कलाकृती धरतात, त्यांची प्रत्येकी ५०० रुपये. चालीसाठी नोटेशन द्यावं लागतं, आमच्या मित्राने भातखंडे पद्धतीने लिहून दिलं. अर्ज केला की डायरी नंबर मिळतो, मग ३० दिवस कोणाची हरकत येते का याची वाट बघतात, त्यानंतर तपासणी. अर्जदार आणि लेखक वेगळे असतील तर लेखकाची एनओसी लागते, ती काकांकडून आधीच घेऊन ठेवली होती. आम्ही डिसेंबर २०२४ मध्ये अर्ज केला, गाण्यांची सर्टिफिकेटं आधी आली, फिल्मचं प्रक्षेपणानंतर, पावसाळ्यात आलं.

ज्या रविवारी सकाळी ते लागलं त्या दिवशी आम्ही सगळे काकांच्या घरी जमलो होतो, ती मुलगीही आली होती, आता तिला नवीन दात आलेत आणि ती गाणं ऐकून म्हणाली की हा माझा जुना आवाज आहे. तिची एफडीची पावती तिच्या आईकडे दिली, ती १८ वर्षांची झाल्यावर तिला मिळेल.

आता दोन-तीन थिएटरवाल्यांनी मुलांच्या सकाळच्या खेळासाठी विचारलंय. तिथे मात्र सेन्सॉर बोर्डाचं सर्टिफिकेट लागतं, त्यामुळे ई-सिनेप्रमाण पोर्टलवर खातं उघडलंय आणि कागद जमवतेय. गाण्यांचे करार आणि फॉर्म सी ची परवानगी एकाच फाइलमध्ये आहेत, यावेळी शोधाशोध करायची नाही. काकांचं म्हणणं आहे की थिएटरसाठी बेडकांचं गाणं एका कडव्याने वाढवावं. कडवं लिहून तयार आहे, १०० च्या लयीत बसतंय, पण त्याची चित्रं काढायला साधारण तीन महिने लागतील, तेव्हा ते घ्यायचं की नाही ते या आठवड्यात टीमबरोबर बसून ठरवणार आहोत.